कोपऱ्यावरचा अंधार

३ फेब्रुवारी

चि. पिंट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पुढचा पंतप्रधान कोण, यावर तुझ्या आवडत्या चॅनेलवर रोज जो आरडाओरडा चालतो, त्याने कान किटले बाबा! इथे आमच्या वॉर्डाची निवडणूक लागलीय. मामाचा आबा परत उभा आहे. काल आला, आईच्या फोटोपुढे वाकला, आत्या आत्या करत डोळे पुसले आणि जाताना म्हणाला, घरची मतं धरूनच चाललोय. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. ज्या उघड्या गटारात पडून आई गेली, ते त्याच्याच वॉर्डातलं. वर्ष झालं, अजून झाकण नाही की दिवा नाही.

आणि हसू नकोस, पण तिन्हीसांजेला मी युनिफॉर्म शिवत बसले की आईची काठी ऐकू येते. टक टक करत गल्लीतून जाते आणि कोपऱ्यावर थांबते. मग काहीच नाही. माझी छकुली क्लासहून त्याच वाटेने येते. मी आणायला गेलेलं तिला खपत नाही. ती घरात पाऊल टाकेपर्यंत माझा जीव टांगणीला.

आबासमोर एक निवृत्त शिक्षिका उभ्या आहेत. मागे लागून लागून त्यांनी पलीकडच्या गल्लीत दिवे आणले. तुझं नाव अजून इथल्याच यादीत आहे. मतदानाला ये.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मोठ्या निवडणुकीला रजा काढून आलो होतो की नाही? आता गटारं-दिव्यांसाठी परत रजा मागितली, तर साहेब मला वेड्यात काढतील. शिवाय आबा आपला माणूस. आईने जन्मभर त्यालाच मत दिलं. तिच्या माघारी आपण उलटलो तर नातेवाईक तोंडात शेण घालतील.

काठीचं वाचलं गं. तू फार एकटी पडलीयेस. डॉक्टरांना दाखव. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा पिंट्या


१३ फेब्रुवारी

चि. पिंट्यास आशीर्वाद.

डॉक्टरांना दाखवलं. माझे कान ठणठणीत आहेत म्हणे.

आई आबाला मत द्यायची, कारण तो पाया पडायचा. दिव्याचं विचारणं म्हणजे तिला भाच्याचा अपमान वाटायचा. आपण तरी कधी विचारलं? आईला पंतप्रधानाने गटारात ढकललं नाही रे. काठी आता रोज वाजते. शेजारच्या काकूंनाही ऐकू येते, पण त्या लगेच टीव्ही मोठा करतात.

ये रे बाबा. आज्ञा नाही, विनवणी समज.

तुझी ताई


२ मार्च

चि. पिंट्यास,

आबा निवडून आला. अगदी थोडक्यात. सुट्टी मिळाली म्हणून आमची अर्धी गल्ली फिरायला गेली होती. तू आला नाहीस, याबद्दल आता काही बोलत नाही.

काल छकुलीला उशीर झाला. मी चपला न घालताच धावत सुटणार, तर ही दारात हजर! एवढ्या अंधारात एकटी कशी आलीस म्हणून मी तिच्यावर खेकसले. ती म्हणाली, एकटी कुठे, आजी असते ना. कोपरा आला की हात घट्ट धरते आणि पलीकडे नेऊन सोडते. मी तिचं मनगट चाचपलं. गार पडलं होतं.

भीती नाही वाटली रे मला. लाज वाटली. आयुष्यभर राबली ती आपल्यासाठी, आणि आता पुढची पाच वर्षं त्या गटाराशी उभी राहणार.

तुझी ताई