टाकीतला दिवा

४ डिसेंबर २००५
आले एकदाची नाशकात! विमा कंपनीने बदली दिली आणि मी ती हसत घेतली. आई गेल्यापासून सांगलीचं घर खायला उठत होतं. गंगापूर रोडला चतुराबाईंच्या बंगल्यात वरची खोली मिळाली. बाई एकट्याच राहतात, मळ्यातली फुलं बाजारात धाडतात, खमक्या आहेत. खोलीत माशांची मोठी टाकी आहे, पण मासा एकही नाही. नुसती पाणझाडं, कांद्याच्या पातीसारखी, तीही पिवळी पडलेली. वर झिरोचा बल्ब. टाकी त्यांच्या यजमानांची, कोंडाजींची. ते या टाकीसमोर बसल्या बसल्याच गेले म्हणे. बाईंची एकच अट: टाकीतला दिवा विझवायचा नाही. खोली इतकी हवेशीर की कुठलीही अट गोड लागावी.

९ डिसेंबर
झिरोच्या बल्बवर झाडं जगली तर मिशी उतरवून ठेवीन, असं माशांचा दुकानदार म्हणाला. मग दोन पांढऱ्या ट्यूब आणल्या. बाई उजेड वाढवायला तयार झाल्या, पण वायरमनच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. नव्या ट्यूब पेटल्यावरच जुना बल्ब काढू दिला. दुकानदाराने रात्री बंद ठेवायला सांगितलं होतं. पण अट ती अट.

२० डिसेंबर
झाडांनी बाळसं धरलंय. पानापानातून मोत्यांसारखे बुडबुडे निघतात. मी ताट घेऊन टाकीसमोरच बसते. ऑफिसात कुणी जेवलीस का म्हणून विचारत नाही.
आज दिवेलागणीला काचेत माझ्यामागे कुणीतरी बसलेलं दिसलं. म्हातारे गृहस्थ, डोक्यावर टोपी. वळून पाहिलं तर कुणी नाही. काचेत त्यांनी मला हात जोडले.
घाबरायला हवं होतं. पण या गावात मला नमस्कार करणारं ते पहिलंच माणूस. मीही हात जोडले.

२६ डिसेंबर
रोज येतात. मी ऑफिसच्या चहाड्या सांगते, ते हात जोडून ऐकतात. छान चाललंय आमचं.
आज चतुराबाईंना सांगून टाकलं. त्या जिन्यातच बसल्या. "नीट दिसत्यात का ओ? मला त्या बलबात नुसती टोपी दिसायची." मग रडत रडत सगळं बोलल्या. माणूस गेला त्या जागी आपण दिवा ठेवतो, तेराव्याला शांत करतो. बाईंचा हातच झाला नाही. तो दिवा शांत करायच्या आधीच त्यांनी टाकीतला बल्ब लावला आणि तेव्हापासून विझू दिला नाही. माझा हात धरून म्हणाल्या, "लय उपकार झाले, बाई. आता कुठं जायचे नाय ते."
आईचा दिवा मी माझ्या हाताने शांत केला होता. म्हणजे हे इथे अडकलेत.

२७ डिसेंबर
तो नमस्कार नव्हताच. ते विनवतायत. आज चेहरा नीट पाहिला. सोड म्हणतायत.
बटणावर हात ठेवला. पण मग संध्याकाळी मी कुणाशी बोलू? आजचा दिवस राहू देत. उद्या नक्की.

२८ डिसेंबर
आजही नाही. माझी मलाच लाज वाटते.
ते जवळ आलेत. डोळे लाल.

२९ डिसेंबर
लोडशेडिंग. पंखा बंद, गल्लीत अंधार. टाकी चालूच आहे— बटण बंद केलं. वायर उपटली. उजेड तसाच— उलट वाढतोय—
मी मोठ्याने म्हणाले, जा हो काका, मी सोडलं. चुकले मी. जा.
खालून बाई विचारतायत, दिवा हाय ना—
काचेत पाहिलं. आता हात जोडलेले नाहीत. विनवणं संपलं. अगदी मागे उभे— माझ्या खांद्यावर पाणी ठिबकतंय, गार—
देवा, नको मला सोबत. मला एकटीला राहू दे, एक—