स्वयंपाकघराचा स्लॅब मंजूर झाला

अब्बा,

आज दुपारी विमा कंपनीचं पत्र आलं आणि ते हातात घेऊन मी गल्लीत पळत सुटले. पायात चप्पल नाही, ओढणी कुठं राहिली पत्ता नाही, पन्नाशीला टेकलेली बाई! समोरच्या काकू दारात बसून तांदूळ निवडत होत्या. "आवं, काय झालं?" त्या घाबरल्याच. मी ओरडले, "स्लॅब मंजूर झाला!" त्यांना काही कळलं नाही, पण माझ्याकडे बघून त्याही हसायला लागल्या. तुम्ही असता तर तुम्हाला अर्ध्या वाक्यात कळलं असतं. म्हणून पहिल्यापासून सांगते.

कुपवाडचं हे घर तुम्ही आमच्यासाठी स्वतःच्या हातांनी बांधलंत. यंदा उन्हाळ्यात फ्रीजमागच्या बोर्डात शॉर्टसर्किट झालं आणि स्वयंपाकघर पेटलं. घरात कुणी नव्हतं, एवढी अल्लाची मेहरबानी. बंब येईपर्यंत फळ्या, डबे, पत्र्याची मांडणी, सगळं गेलं आणि वरचा स्लॅब तव्यासारखा काळा झाला. घराचा विमा होता. कंपनीचा सर्व्हेअर आला, वीस मिनिटांत फोटो काढून गेला. त्याच्या अहवालात काय, तर दोन हात रंग, ओट्यामागच्या फरश्या, एक लाइटचा बोर्ड. त्यातूनही घर जुनं म्हणून घसारा कापलेला. सोबत एक कागद होता: एवढी रक्कम मिळाली, यापुढं आमचं काही मागणं नाही, खाली सही करा. तुमचे जावई दमले होते बिचारे. दिवसभर कारखान्यात आणि घरी आलं की जळका वास. ते म्हणाले, "टाक सही करून. लय झालं आता. रंग मारू, वर काय दिसतंय कुणाला?"

आणि मी एकदम साताऱ्यात. मी दहा वर्षांची आहे, शाळेला सुट्टी आहे, तुमचा डबा घेऊन कुठल्याशा नव्या घराच्या कामावर आले आहे. तुम्ही परांचीवर उभे राहून थापीच्या दांड्यानं भिंत ठोकताय. एका जागी आवाज पोकळ येतो आणि तुम्ही तिथला चांगला दिसणारा गिलावा भराभरा पाडायला लागता. मी म्हणते, "अब्बा, कशाला? रंग मारल्यावर दिसणार पण नाही." तुम्ही खाली उतरता. मला वाटतं, आता पाठीत बसणार. पण तुम्ही माझा कान भिंतीला लावता आणि बाजूला ठोकता. ढब, ढब. "दिसायचं न्हाई म्हंजे हाय ते गेलं व्हय? माणसं झोपणार हायती हितं. परत असं बोलू नगंस." मग डबा तसाच ठेवून तुम्ही माझ्याकडून अख्खी भिंत ठोकून घेता.

मी सही केली नाही. टेबलावर स्टूल ठेवून चढले आणि लाटण्यानं स्लॅब ठोकायला सुरुवात केली. ओट्याच्या वर सगळीकडे ढब, ढब. एक खपली तर माझ्या खांद्यावरच पडली आणि आतली सळई दिसली. माझ्या शिवणकामाच्या खडूनं मी पोकळ जागा आखत गेले. बघता बघता निम्मं छत पांढरं झालं. अब्बा, मला भीती वाटायच्या ऐवजी आनंद होत होता! हातांना सगळं आठवत होतं. मग दोन दिवस पॉलिसी वाचली, चष्मा लावून, ओळ न ओळ. त्यात स्पष्ट लिहिलेलं सापडलं की जळालेला भाग पूर्वीसारखा करायला आज जो खर्च येईल तो द्यायचा, इमारतीवर घसारा नाही. सांगलीहून इंजिनियर आणला, त्याच्याकडून स्लॅबच्या दुरुस्तीचं आणि नव्या वायरिंगचं लेखी एस्टिमेट घेतलं आणि कंपनीला पत्र धाडलं: अहवाल मान्य नाही, पुन्हा पाहणी करा.

सर्व्हेअर आला तो तोंड वाकडं करूनच. "ताई, मी हेच काम करतो रोज."

"करताय की साहेब. फक्त एकदा ठोकून बघा." मी हातोडी पुढं केली.

त्यानं ठोकलं. ढब. पुन्हा ठोकलं, मग खडूच्या रेषेबाहेर ठोकलं, मग आत. शेवटी म्हणाला, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"माझे वडील गवंडी होते," मी म्हणाले. छाती अशी फुगली होती माझी! त्यानं वही काढली आणि एकेक जागा मोजून लिहून घेतली. आज पत्रात सगळं आलंय: स्लॅब, गिलावा, वायरिंग, ओटा. घसारा नाही. सोमवारी काम सुरू.

एक गोष्ट मात्र जावयांनाही सांगितली नाही. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी सर्व्हेअर जाता जाता बाहेरच्या खोलीतली भिंतही ठोकत गेला. खिडकीखाली ढब वाजलं. तिथं आग पोचलीच नव्हती. ती जागा मला खिळा मारताना सापडली होती, तुम्ही हयात असताना. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नव्हते. "ही आधीपासूनची आहे, साहेब, ही धरू नका," मी सांगितलं. तो हसला आणि त्यानं विचारलं, "घर बांधलं कुणी?"

मी तुमचं नाव घेतलं नाही. म्हणाले, "होता कुणी एक गवंडी, मेढ्याचा."