खाडीपलीकडचं लुगडं

आबा, मी फेरीबोटीच्या धक्क्यावरच्या माणसाशी फोनवर बोलत होते, तेवढ्यात आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "परतीचं नगं इचारूस." मी तिला हातानेच थांब म्हटलं. तो माणूस सांगत होता, भरती बघून बोट सुटते, गाडी रिव्हर्स चढवावी लागते, म्हातारं माणूस असेल तर उतरवू नका, गाडीतच बसू द्या, फक्त काचा खाली ठेवा. काचा कशाला, हे मी विचारलं नाही. परतीचंही नाही.

उद्या सकाळी निघायचं ठरलं आहे. पौड, ताम्हिणी, माणगाव, मग खाडी. जवळचा पूल दुरुस्तीला बंद आहे, म्हणून बोट. दुसरा रस्ता वळशाचा आहे, दिवस खाणारा. पौडच्या डॉक्टरांनी आईच्या पायांवरची सूज बोटाने दाबून पाहिली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की बोटीने नेणार असाल तर मध्ये थांबत थांबत न्या, वळशाने जायचं असेल तर नेऊच नका, तिचं हृदय तेवढं बसणं सोसणार नाही. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग बोट हायेच की."

ती माहेराला कशासाठी निघाली आहे, ते तुम्हाला सांगायला नको. मामा आषाढात गेला. तुम्ही गेलात त्या दिवशी अंगणात तो तिला म्हणाला होता, ताई, तुझं माहेरचं शेवटचं लुगडं मीच घेऊन येईन. ती त्याच्यापेक्षा मोठी, तेव्हा ते खरंच वाटलं असेल दोघांना. आता पलीकडे मामी आहे, तिला घराबाहेर पडवत नाही. मामाचा मुलगा आहे. त्याला आईने फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "आत्या, एवढ्यासाठी कशाला हाल करून घेतेस? वेळ आली की आम्ही कुरिअर करू."

"माझं लुगडं पार्सलनं?" आई म्हणाली. "आन् सही कोन करनार, मी?"

तो हसला. आईही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला हसता आलं नाही.

मला आजीचा दिवस आठवतो. तुमची आई सकाळीच गेली होती आणि दुपार झाली तरी तिला अंगणातून हलवलं नव्हतं, कारण तिच्या माहेरचं कोणी आलं नव्हतं. तुम्ही तुमच्या भाड्याच्या जीपमधली पौडची माणसं रस्त्यातच उतरवलीत आणि मुठ्याला, तिच्या माहेरी गेलात. ऊन उतरताना जीप आली. मागे तिच्या माहेरची चार माणसं दाटीवाटीने बसली आहेत आणि पुढची जागा रिकामी आहे. रिकामी नाही. सीटवर हिरवं लुगडं आहे, घडी न मोडलेलं, दुकानाच्या कागदात. मी धावत जाऊन ते उचलायला हात घालते आणि तुम्ही माझ्या हातावर फटका मारता. "हात लावू नगंस. तिचं हाय ते." तुम्ही मला कधी मारत नव्हतात. मी रडले नाही. नंतर बायकांनी ते आजीवर पांघरलं, तेव्हा कुठे तिचं माहेर आलं असं सगळ्यांनी मानलं आणि तिला उचलता आलं.

शेजारच्या काकूने परवा आईला तोंडावर सांगितलं. "जित्या माणसानं आपलं आपुन आणायचं नसतं, वैनी. असलं लुगडं घरात लई दिस ऱ्हात न्हाई."

"मंग तू जातीस व्हय आणाया?"

"मला बाई गाडी लागती."

"मंग गप बस."

काकू जाताना उंबऱ्यावर थांबून माझ्याकडे बघत राहिली. आईने तिला कोंबड्या दिल्या. तुळशीला पाणी घालायला सांगितलं, किती दिवस ते सांगितलं नाही. यंदाचा इंद्रायणी तिने दोन पोत्यांत भरला, एक मामीला, एक मला बावधनला न्यायला. मी डबा उघडून पाहिला. घरात एका वेळेपुरताही तांदूळ तिने ठेवलेला नाही.

खाडी मी तुमच्याबरोबर एकदाच ओलांडली. जीप अलीकडे वडाखाली लावली होती, पुढे होडी. ताम्हिणीच्या घाटातून एका हाताने जीप उतरवणारा माणूस होडीच्या तळाशी डोळे मिटून बसला होता आणि त्याने आईचं मनगट धरलं होतं. ती पदर तोंडाला लावून हसत होती. पलीकडे मामा गुडघाभर पाण्यात उभा होता. "दाजी, डोळं उघडा, आलं की!" तुम्ही उघडले नाहीत. जमिनीला पाय लागल्यावर उघडलेत आणि पहिल्यांदा मागे वळून पाण्याकडे पाहिलंत. तुम्ही काय पाहत होतात ते मी कधी विचारलं नाही. परतताना आई हसली नाही. तिचं तोंड सबंध वेळ पलीकडे होतं, आणि तेव्हाही मनगट तुमच्या हातात होतं.

आज ती माझ्या गाडीत बसून बघून आली. मागची सीट दाखवली, आडवं होता येईल म्हटलं. ती म्हणाली, "जाताना मी म्होरं बसते. येताना मागं बसंन, म्होरं जागा लागंल." मी गाडीचं दार लावलं. नंतर बराच वेळ नळाखाली हात धूत राहिले.

आबा, मला ते लुगडं घरात यायला नको आहे. तिची इच्छा मला कळते. रीतही कळते. पण ते कपाटात असताना मी बावधनला झोपू शकणार नाही. म्हणून मी ठरवलं आहे, की सकाळी तिला सांगायचं, बोट बंद आहे. डॉक्टरांचं बोलणं तिला माहीत आहे. वळशाचं नाव ती काढणार नाही. बोट चालू आहे. हे फक्त तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही तिला सांगणार नाही. हा कागद संध्याकाळी बंबात जाईल.

कागद राहून गेला, म्हणून एवढं लिहिते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला सांगितलं, की बोट बंद आहे. ती ओट्यावर बसून चप्पल घालत होती. "मंग वळशानं चल," ती म्हणाली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. बोट चालू आहे, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. गाडी काढली.