हिचा चारचा वर्ग

६ जानेवारी १९७०, मंगळवार
हिला जाऊन आज वीस दिवस. चार वाजता दारात तिघी उभ्या. वाटलं, भेटायला आल्या. पण त्यांनी सतरंजी स्वतःच अंथरली आणि वह्या काढून बसल्या. हिच्या इंग्रजीच्या वर्गातल्या बायका. जमनाबेन, कच्छी, कोपऱ्यावर किराणा दुकान. राजम्मा, मद्रासकडची, नवरा ट्रॉम्बेला नोकरीला. मराठी-हिंदी दोन्ही येत नाहीत. आणि तळमजल्यावरची सुशीला परब, इस्पितळात आया.
म्हटलं, "बाई नाहीत आता."
जमनाबेन : "ते आमाला म्हाईत हाय, काका. पन तुमी हाय ना."
काम सुशीलेचं अडलंय. आयांपैकी दोघींना नर्सिंगचं शिकायला घेणार आहेत. १२ फेब्रुवारीला मेट्रन तोंडी परीक्षा घेणार, सगळं इंग्रजीत. हिने ऑगस्टपासून तिची तयारी करून घेतली होती. आजारपणातही विचारायची, सुशीला आली होती का.
हो म्हटलं. छत्तीस वर्षं ऑफिसात इंग्रजी मसुदे केले. शिकवणं काय मोठं.

९ जाने., शुक्र.
पहिला वर्ग. काळ शिकवले, मराठीत फोड करून. राजम्मा तासभर माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला माझी मराठी इंग्रजीइतकीच परकी, हे ती गेल्यावर लक्षात आलं. एक तास वर्ग, त्यात पन्नास मिनिटं मीच बोललो. एरवी आठवड्यात इतकं बोलत नाही. घसा बसला.

१२ जाने., सोम.
सुशीलेला म्हटलं, रोज काय काम करतेस ते इंग्रजीत सांग. चांगली भरभर सांगत होती. मी दर वाक्याला थांबवलं. अकरा चुका. सगळ्या लाल पेन्सिलीने वहीत लिहून दिल्या. ऑफिसात नवीन कारकुनाचं असंच करत असू. शेवटची दोन वाक्यं तिने सांगितलीच नाहीत.

१४ जाने., बुध.
संक्रांत. घरात दुःख म्हणून तिघींपैकी कुणी तिळगुळाचं नाव काढलं नाही. बरं वाटलं. सुशीला आली, पण तोंड उघडलं नाही. काही विचारलं की मान खाली.

१६ जाने., शुक्र.
सुशीला नाही. जमनाबेननी मला चांगलं सुनावलं. "काका, तुमी तर कोरट भरवली! पोरगी पाच मैन्यात बोलाय लागली, तुमी येका दिवसात बंद केली."
मी म्हटलं, चूक सांगायची नाही तर शिकणार कशी?
"बाई चूक ऐकून घ्यायच्या. मग थोड्या टायमाने तेच बरोबर करून बोलायच्या, गप्पा मारल्यासारखं. आपल्याला बराबर कळून जाय. शरम नाय वाटत."
राजम्माला बोलणं कळलं नव्हतं, तरी तिने मान डोलावली.

१७ जाने., शनि.
सकाळपासून एकच आठवतंय. कुणी घरी आलं की मी विचारायचो, "चहा घेणार का?" असं विचारल्यावर माणूस नकोच म्हणतो. हिने कधी टोकलं नाही. जरा वेळाने आतून यायची, "चहा टाकलाय हं, बसा." पाच-सहा वर्षांनी मीही तसंच म्हणायला लागलो. कधी शिकलो, ते आज कळलं. चहा ही एक गोष्ट. आणखी किती असतील.
आभार मानायचे राहिले. घरात कोण मानतं.

१९ जाने., सोम.
खाली गेलो. सुशीला नळावर हंडा भरत होती.
"येवचं नाय, काका. माका जमाचा नाय."
म्हटलं, मी रागावलो का?
"तुमी रागावत नाय. ती तुमची पेन्सिल रागावता."
तिथेच हसू आलं. हिच्यानंतर पहिल्यांदा. तीही हसली, मग चुकल्यासारखं वाटून पदर तोंडाला लावला. म्हटलं, हस. पेन्सिल वर्गात आणत नाही, आणि माझं चुकलं.
आयुष्यात हाताखालच्या माणसाला असं म्हटलं नव्हतं. ती हाताखालची नाही, हेही खरं.
चारला आली.

२३ जाने., शुक्र.
मराठी बंद. बाटली, उशी, पाण्याचा पेला, थर्मामीटर मधे ठेवले. एकीने मागायचं, दुसरीने द्यायचं. हिची हीच रीत, जमनाबेननी दाखवली. मी प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. ते मला जमतं. राजम्माला एक मिनिट लागलं असेल, जास्तच. सगळे थांबलो. मग, "प्लीज गिव्ह मी द पिलो." सुशीलेने उशी अशी दिली की जणू समोर पेशंटच आहे. जमनाबेननी टाळ्या वाजवल्या. शेजारचे डोकावून गेले. दुःखाच्या घरात टाळ्या. वाजू देत.

२ फेब्रु., सोम.
मी मेट्रन झालो. विचारलं, पेशंट रडत असेल तर काय करशील?
सुशीला : "आय सिट. आय नॉट टॉक. आय होल्ड हँड."
जीभ वळवळली, आवरली. म्हटलं, "यू सिट. यू डोन्ट टॉक. यू होल्ड हर हँड."
"येस. आय डोन्ट टॉक. आय होल्ड हर हँड."
तिला कळलंही नाही की दुरुस्त केलं. हिचा हात शेवटी सुशीलेनेच धरला होता, मी औषध आणायला गेलो असताना.

११ फेब्रु., बुध.
उद्या तोंडी. आज नवीन काही नाही. तिघी नुसत्या इंग्रजीत भांडल्या, कांद्याच्या भावावरून. जमनाबेन जिंकल्या. दुकान त्यांचंच.

१२ फेब्रु., गुरु.
सुशीला इस्पितळातून थेट वर आली, चपला हातातच.
"तीन प्रश्न इचारल्यान. दोन सांगितलंय. तिसरो कळाकच नाय."
"मग?"
"म्हटलंय, प्लीज से अगेन. बाईंनी पयल्याच दिवशी शिकवलेला, कळला नाय तर गप बसाचा नाय. मेट्रनीन परत इचारल्यान, सावकाश. तेवा कळला."
"आणि सांगितलंस?"
"सांगितलंय. बरोबर की चूक, देव जाणे."
निकाल सोमवारी. आठ जणी होत्या, घेणार दोघी. आठांतल्या दोघी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या आहेत, म्हणाली.
जाताना दारात थांबली. वर्ग नव्हता, कुणी सांगितलं नव्हतं, तरी इंग्रजीत विचारलं, "सर, आर यू ईटिंग प्रॉपरली?" आणि उत्तरासाठी थांबली. ती घाई न करता उभी राहिली.
"नॉट एव्हरी डे," मी म्हटलं.