उकंडाचा दम

१३ नोव्हेंबर १९६१, नेर

अमरावतीची बस वेळेवर मिळाली, खोली हवेशीर आहे, आणि पोहोचताच मॅनेजर वामनरावांनी आलुपोहा मागवला. इतकी वर्षे नागपूरच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळली. चव्वेचाळिसाव्या वर्षी प्रथमच कोणाच्या तरी उपयोगी पडेन असे वाटते आहे. कापसातून सरकी काढण्याच्या या जिनमध्ये कापसाची धूळ छातीत जाऊन माणसे निकामी होतात. कोणाची छाती किती उरली ते मोजायचे, एवढेच माझे काम.

यंत्र सरकीच्या रिकाम्या खोलीत लावले. पाण्याच्या टाकीत उपडा घातलेला तांब्याचा डबा. नळीत फुंकले की डबा वर चढतो, बाजूच्या पट्टीवर आकडा दिसतो. तोटी उघडली की हवा निघून जाते आणि डबा खाली बसतो. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यावर कापूस सोडणाऱ्या बायका दारातून पाहत होत्या. मालकाने चूल फुंकाले नागपूरहून माणूस आणला, असे त्यांच्यात ठरले. मीही हसलो.

१५ नोव्हेंबर

आज मोजणी झाली. डबा पट्टीवरच्या लाल रेघेपर्यंत गेला तर हंगामभर काम, नाही तर आजच सुट्टी, ही अट वामनरावांनी मला ऐन वेळी सांगितली. मी तिथेच थांबायला हवे होते का? रांग लागलेली होती.

रुखमाबाई वीसेक वर्षे रेच्यावर आहे. तिचा डबा रेघेखाली दोन बोटे राहिला. तिचा मुलगा उकंडा कापसाच्या गठाणी उचलतो. त्याने फुंकले तेव्हा डबा वरच्या दांडीवर आपटला. “माय, तू राखच उडवत जाय आता,” तो म्हणाला. “तुलेच फुकू फुकू मोठा केला, मुडद्या,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, अजून एकडाव फुंकू द्या जी, म्हणून हात जोडले.

एका फुंकरीवर कोणाची रोजी घ्यावी हे मला पटेना. बाकीचे एकेकदाच फुंकून गेले. तिला म्हणालो, हवे तितक्या वेळा फुंका. दर वेळी मी तोटी उघडून डबा रिकामा करत होतो, आणि दर वेळी आकडा उतरत होता. शेवटी हवा बाहेर जात असतानाच ती जमिनीवर बसली. ओठ निळे. मी घाबरून तोटी बंद केली. काही सुचेना म्हणून नळी पुन्हा तिच्या तोंडात दिली. तिने ओढले, डबा उतरला, ती बोलू लागली.

१६ नोव्हेंबर

सगळी जिन खोकते आहे. काल प्रत्येकाचा एक श्वास मी मोजला आणि सोडून दिला. तो त्यांना परत मिळालेला नाही. वामनरावांना सांगितले, थंडीचा खोकला आहे म्हणाले.

रुखमाबाईचा आकडा मी अजून वामनरावांना दिलेला नाही. तिला आडवे होता येत नाही. भिंतीला टेकून बसते, शब्दागणिक थांबते. तरी चिंता एकच: “मले काढू नका जी.”

१८ नोव्हेंबर

उकंडाला बोलावले. त्याच्याजवळ भरपूर आहे, तिच्याजवळ नाही; आणि तो तिचाच मुलगा. विचारले असते तर नाही म्हणाला नसता. मग विचारले का नाही? आकडा पुन्हा घ्यायचा आहे, एवढेच सांगितले. “डबा फोडू का जी साहेब?” म्हणाला आणि छाती भरून फुंकला.

मी तोटी उघडली नाही. तो बिडी ओढायला बाहेर गेला की रुखमाबाईला आत घेऊन नळी द्यायचो. औषधी हवा आहे, असे तिला सांगितले. संध्याकाळपर्यंत हेच चालले. मग तिने फुंकले, रेघ ओलांडली. मी तिला कामास योग्य ठरवले.

मला यात अन्याय दिसत नाही. जेवण मात्र गेले नाही.

२० नोव्हेंबर

उकंडाच्या हातून गठाण पडली. वामनरावांनी त्याला काढून टाकले. घरी पडून आहे.

रुखमाबाई तरण्या बाईसारखी काम करते. तिने जन्मात बिडी ओढलेली नाही. तिच्या तोंडाला उकंडाच्या बिडीचा वास येतो. आज कशावरून तरी ती हसली — त्याचे हसू. सगळ्या बायका हातातला कापूस टाकून वळल्या.

परत देता येईल. पण मग ती — विचार करायला एक दिवस घेतो.

२१ नोव्हेंबर

उकंडा सकाळी गेला. मातीला गेलो नाही.

रुखमाबाई आली. रडली नाही. “माह्या आंगात कोनाचा दम हाय?”

खरे सांगितले. सांगून हलके वाटेल असे — वाटले नाही.

२२ नोव्हेंबर

दाराला आतून अडसर. सगळ्या बायका इथेच. रुखमाबाईने माझे नाक दाबून धरले, नळी माझ्या तोंडात. फुंकले. पुन्हा. पुन्हा —

डबा भरला. बोलता येत नाही, म्हणून लिहितो. परत द्या. वही तिच्यापुढे धरली. तिला वाचता येत नाही.

खोकणाऱ्या बायकांना वाटून देणार असेल — ते न्यायाचे होईल — मी मान हलवली, हो, त्यांना द्या —

एकीने नळीला हात घातला. रुखमाबाईने तो झटकला. “हा दम नाही पाहिजे कोनाले.”

तिचा हात तोटीवर — नको —

डबा उतरतो आहे — निम्मा — कोणी तरी तिला सांगा, अजून —