त्यांनी पदरचं घातलं नव्हतं

सर, तुमच्यावरचा माझा राग परवापर्यंत अगदी ठणठणीत होता. अठरा वर्षं सांभाळलाय. कोणी विचारलं, पीएचडी का सोडलीस, की माझं उत्तर ठरलेलं: गाईडनं तिसरं प्रकरण चौदा महिने अडवून ठेवलं. मग नवऱ्याला सिंगापूरला नोकरी लागली, त्याच्यामागून मी आले, आणि आता वन-नॉर्थच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहिते. तुम्ही गेल्याचं व्हॉट्सॲपवर कळलं तेव्हा मी चहा करत होते. तो केला, प्यायले. रडूबिडू आलं नाही.

विषय तुम्हीच गळ्यात मारला होतात. तुम्ही गोव्यात पोर्तुगीज शाळेत शिकलेले, पुण्यात ती भाषा ऐकायला कोणी नाही, म्हणून मी सापडले. एकोणिसाव्या शतकातल्या पोर्तुगीज विचारवंतांनी जर्मन चिद्वाद, म्हणजे जगाच्या मुळाशी चैतन्यच आहे हे तत्त्वज्ञान, कसा स्वीकारला, हा विषय. बहुतेकांना जर्मन येत नव्हतं, फ्रेंच भाषांतरांवर भागवायचे. तुमच्या स्वयंपाकघरात काकू ओट्याशी बांगडे साफ करतायत, तुम्ही स्टुलावर बसून पोर्तुगीज वाक्यं मोठ्यानं वाचताय, मी मराठीत उतरवून घेतेय. "देवावरचा विश्वास उडालेली पोरं ती," तुम्ही म्हणता, "जगाला काही अर्थ आहे, हे कुणीतरी पुन्हा सांगायला हवं होतं त्यांना. फ्रेंचमधून मिळालं, फ्रेंचमधून घेतलं." मला मात्र त्यांच्या चुका काढण्यातच मजा. तिसरं प्रकरण त्यावरच होतं. दुःखातूनच चैतन्य स्वतःला ओळखतं, असा एक अख्खा परिच्छेद त्यांच्यातल्या एका निबंधकारानं एका जर्मन तत्त्वज्ञाच्या नावावर दिला होता. मूळ ग्रंथात तो नाहीच, यानं पदरचा घातलाय, असं मी ठासून लिहिलं.

ते प्रकरण तुम्ही ठेवून घेतलंत. दर महिन्याला मी दारात, आणि तुमचं आपलं "बघतोय." एकदा चिडून म्हटलं, काय चुकलंय ते तरी सांगा. तर म्हणालात, "शोधून काढ. मी सांगितलं तर ते माझं होईल." पुढच्या महिन्यात मी आलेच नाही. वहीत घालून दिलेलं ते बाड तुम्ही टपालानं परत पाठवलंत, चिठ्ठीसुद्धा न लिहिता. मी ते न चाळताच ठेवून दिलं.

परवा इथल्या पुंगोलच्या फ्लॅटमधलं कपाट आवरताना ते मुलीच्या हाती लागलं. ती सोळाची आहे, शाळेत तिसरी भाषा म्हणून जर्मन शिकते. तो परिच्छेद मी तिला समजावून सांगितला. "आई, सो चीम," म्हणाली, म्हणजे फार अवघड. तरी लॅपटॉपवर मूळ ग्रंथ शोधून बसली. तासाभरात हाक आली, "आई, इट्स हिअर लाह. द होल पॅराग्राफ." मी तेव्हा वापरलेली इंग्रजी आवृत्ती संक्षिप्त होती, सर. प्रस्तावनेत तसं छापलंय. प्रस्तावना मी वाचलीच नव्हती. त्या बिचाऱ्या निबंधकारानं फ्रेंचमधून का होईना, सगळं वाचलं होतं.

आणि तुम्हाला माहीत होतं. बाडात माझ्या त्या ओळीशेजारी समासात तुमच्या पेन्सिलीची बारीक रेघ आहे. चौदा महिने, सर. एका वाक्याचं काम होतं. याला शिकवणं म्हणायचं? माझी उमेदीची वर्षं तुमच्या तत्त्वापायी गेली आणि तुम्ही खुशाल मरून गेलात. मुलगीही म्हणाली, "युअर सर नो, बट नेव्हर टेल? सो मीन." मी म्हटलं, होतेच ते तसे.

ज्या दिवशी प्रकरण हातात दिलं, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, "मूळ जर्मनशी ताडून पाहिलंस ना?" मी म्हटलं, हो सर. जर्मनचा वर्ग मी तीन आठवड्यांत सोडला होता. तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत आणि कागद ठेवून घेतलेत. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. मुलीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या लेखी दोषी अजून तुम्हीच आहात, आणि मी तसंच राहू देणार आहे.