फुग्यातली बारीक अक्षरं

उदाराम बिसेन यांना दोनशे वर्षांपूर्वी विलायतेत छापलेली व्यंगचित्रं जमवायचा नाद होता. चित्रातल्या लठ्ठ राजाच्या, मंत्र्यांच्या तोंडून निघालेल्या फुग्यांतली बारीक अक्षरं ते सून रुचीकडून वाचून घेत. "वाचल्यानं तुझं इंग्रजी पक्कं होते," म्हणत. एका सकाळी ती शाळेत शिकवायला गेल्यावर त्यांनी ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी लिहिली आणि तिच्या टेबलावर ठेवली.

रुची बेटा,

मी नागपूरले जाऊन राहिलो, डोळ्याच्या डॉक्टरकडे. शेजारचा तिलक सोबत आहे. तुझ्या सासूले सांगू नको, ती घाबरते. देवरीले गेले म्हण.

चित्रांची पेटी उन्हात ठेवू नको, रंग उडतात. आतला कडुलिंबाचा पाला जुना झाला, तेवढा बदलून टाक.

एक गोष्ट तोंडानं सांगता आली नाही. तुझं इंग्रजी पहिलेपासूनच पक्कं आहे. मलेच अक्षरं दिसत नव्हती. काल तर राजाचं तोंडही दिसलं नाही. तू हसली, म्हणून मीही हसलो.

डॉक्टर काय म्हणते ते म्हणो, चित्रं कोणाले द्यायची नाहीत. तू वाचत जा, मी ऐकत जाईन.

बाबा